नामांतर : नावाला विरोध की माणसाला?

नामांतराला कोणी विरोध केला, एवढे सांगून त्याचा इतिहास पुरा होत नाही. विरोध करणाऱ्याचे नेमके काय जात होते, हे विचारले पाहिजे. धारूरसारख्या गावी शिकवताना हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझ्यासमोर बसणारी बरीच मुले त्यांच्या घरातली पहिलीच कॉलेजात आलेली आहेत. मीही तसाच आलो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढून ज्यांनी या मागास मुलखात उच्च शिक्षण आणले, त्यांचे हे नाव. शहरातील विरोधकांनी प्रादेशिक अस्मितेची भाषा वापरली. निजामाशी लढलेले गोविंदभाई श्रॉफही विरोधात होते. खेड्यांत मात्र वाद झाला नाही. तिथे दलितांची घरे पेटली. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती, त्यांच्यावर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. गावकीची कामे नाकारणारा, गायरान कसणारा, पोरांना शाळेत घालणारा दलित गावाला आधीपासूनच सलत होता. ठराव हे निमित्त झाले.

सरकार बिचकले. अंमलबजावणी साडेपंधरा वर्षे रखडली. १९७९ साली लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाला तो नामविस्तार : ‘मराठवाडा’ कायम ठेवून बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. आपल्यातही कोणी तो विजय मानला, कोणी तडजोड.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले. स्वामीजींचे मोठेपण मी नाकारीत नाही. परंतु त्या नावासाठी कोणाला जीव द्यावा लागला नाही, हेही नोंदले पाहिजे. बीड जिल्हा जुन्या विद्यापीठातच राहिला. म्हणून धारूरच्या पोरांच्या पदवीपत्रावर बाबासाहेबांचे नाव येते. पोचिराम आणि गौतम ज्या जिल्ह्यात गेले, तिथल्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर ते येत नाही.

ठराव सभागृहात होतो. त्याची किंमत गावकुसाबाहेरचा माणूस मोजतो. तेव्हा यापुढे परिवर्तनाचा कोणताही ठराव आला, तर त्या माणसाच्या संरक्षणाचे काय, हा सवाल आपण ठरावाआधी विचारला पाहिजे.