जुन्या लॅपटॉपची बॅटरी आणि जुने सल्ले : एक इतिहास

"सर, कालपर्यंत हा लॅपटॉप तासभर चालत होता. मग आज वीस मिनिटांतच का बंद पडला?"

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात आठवीतील एका विद्यार्थिनीने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक. वयाने लहान म्हणून संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे आली, इतकेच. एका हितचिंतकांनी आपल्या कार्यालयात वापरून झालेले आठ लॅपटॉप शाळेस देणगी म्हणून दिले होते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या कामगारांची मुले आमच्याकडे शिकतात. बहुतेकांच्या घरी संगणक नाही. तेव्हा या आठ यंत्रांचे मोल आम्हांस किती होते, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु दुसऱ्या वर्षी जून महिन्यात शाळा उघडली आणि कपाट उघडून पाहतो तो दोन यंत्रांच्या बॅटऱ्या चार्जच होईनात. आणखी तीन यंत्रे वीज गेली की अर्ध्या तासाच्या आत मान टाकू लागली. शिक्षकांच्या सभेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचविले, "भंगारात देऊन टाका. जुन्या वस्तूचा भरवसा नाही." मी गप्प राहिलो. कारण कक्षाच्या भिंतीवर माझ्याच हस्ताक्षरात एक सूचना लावलेली होती : 'दर शनिवारी बॅटरी पूर्णपणे उतरवावी. सुटीपूर्वी यंत्र रिकामे करूनच कपाटात ठेवावे.'

ही सूचना मी कोठून आणली होती? आमचे चाचा १९९० च्या दशकात लग्नसमारंभाचे व्हिडिओ चित्रण करीत असत. त्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी घरी आली की ते तिला एक लहान बल्ब जोडीत आणि तो विझेपर्यंत तशीच ठेवीत. "बेटा, बॅटरी अर्धी भरलेली असताना चार्जिंगला लावली तर तिला तीच सवय लागते," असे ते आम्हा मुलांना सांगत. चाचांचे सांगणे मी लहानपणीच पाठ केले होते. ते खोटे नव्हते. परंतु ते ज्या बॅटरीविषयी बोलत होते, ती बॅटरी माझ्या कपाटात नव्हती. हे समजण्यासाठी मला बॅटरीचा इतिहास वाचावा लागला. तोच वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त आणि चांदी यांच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे ठेवले आणि सतत वाहणारी वीज मिळविली. ही जगातील पहिली बॅटरी होय. ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येईल अशी बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या प्लांते यांनी शिसे आणि गंधकाम्ल यांपासून तयार केली. आपल्या मोटारींत आणि घरच्या इन्व्हर्टरमध्ये आजही तिचीच वंशावळ नांदते. त्यानंतर १८९९ साली स्वीडनच्या युंगनर यांनी निकेल व कॅडमियम यांची बॅटरी बनविली. चाचांच्या कॅमेऱ्यातील बॅटरी ती हीच.

आता संगणकाकडे वळू. १९८१ साली अमेरिकेत 'ऑसबोर्न १' नावाचा सुवाह्य संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि त्यात बॅटरी बसविलेलीच नव्हती. उचलून कोठेही न्या, पण भिंतीतील वीज हवीच! त्याच सुमारास जपानच्या एप्सन कंपनीने वहीच्या आकाराचा 'एचएक्स-२०' आणला. त्यात निकेल-कॅडमियम बॅटरी होती. १९८९ साली ॲपल कंपनीने आपल्या सुवाह्य संगणकात शिशाची बॅटरी घातली. हे यंत्र ७ किलोंहून जड होते. शिवाय त्याची एक गंमत अशी, की बॅटरी पार मेली तर भिंतीतील वीज जोडूनही ते सुरू होत नसे. बॅटरीच्या कटकटी आपल्याच नशिबी आल्या असे समजण्याचे कारण नाही. लॅपटॉपच्या जन्मापासून त्या त्याच्यासोबत आहेत.

निकेल-कॅडमियमच्या काळातच 'बॅटरीची स्मरणशक्ती' हा शब्दप्रयोग रूढ झाला. कृत्रिम उपग्रहांतील बॅटऱ्या प्रत्येक प्रदक्षिणेत ठराविक पातळीपर्यंतच उतरत आणि पुन्हा भरल्या जात. काही काळाने त्या पातळीच्या खाली त्यांचा जोर कमी पडू लागतो, असे अभियंत्यांना आढळले. अशा बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण उतरविल्या की त्या पुष्कळशा सुधारत. चाचांच्या बल्बचे मूळ येथे सापडते. त्या काळात तो सल्ला रास्त होता.

पुढे बॅटरीच बदलली. १९७० च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी लिथियम या अत्यंत हलक्या धातूच्या बॅटरीचा पाया घातला. १९८० साली ऑक्सफर्ड येथे गुडइनफ यांनी तिच्यासाठी कोबाल्टचे संयुग शोधले. त्याच वर्षी फ्रान्समधील ग्रेनोबल येथे रशीद यझामी या तरुण संशोधकाने लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरू शकते आणि परत बाहेरही काढता येते, हे दाखवून दिले. यझामी हे मोरोक्को देशातील फेस शहरात जन्मलेले. शिसपेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट! आज लॅपटॉपच्या जवळजवळ प्रत्येक बॅटरीची एक बाजू त्याचीच असते. १९८५ साली जपानच्या योशिनो यांनी सुरक्षित बॅटरीचा नमुना सिद्ध केला आणि १९९१ साली सोनी कंपनीने ती विक्रीस आणली. २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना मिळाला. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात हा पुरस्कार मिळविणारे ते पहिलेच. एक नोबेल तिघांहून अधिक जणांना विभागून देता येत नाही. यझामींचे नाव त्यात नव्हते; मात्र २०१४ साली अभियांत्रिकीतील ड्रेपर पुरस्कार गुडइनफ, योशिनो व निशी यांच्यासमवेत त्यांनाही देण्यात आला होता. आपल्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

या नव्या बॅटरीला चाचांनी सांगितलेली 'सवय' लागत नाही. तिचे शत्रू निराळे आहेत. पहिला शत्रू उष्णता. दुसरा शत्रू म्हणजे सदैव काठोकाठ भरलेली अवस्था. तिसरा शत्रू म्हणजे पूर्ण रिकामी होऊन दीर्घकाळ पडून राहणे. बॅटरीच्या आत ग्रॅफाइटवर एक पातळ थर जमतो. तो आवश्यकही असतो, परंतु दर वर्षी तो थोडा थोडा वाढतो आणि कामाचे लिथियम त्यात अडकून पडते. अडकलेले लिथियम परत येत नाही. म्हणून यंत्र न वापरताही बॅटरी म्हातारी होतच असते. साधारणतः तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण वापरल्यावर तिची शक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंश सेल्सियस तापमानात वर्षभर ठेवली, तर सुमारे एकतृतीयांश शक्ती गमावून बसते. तीच बॅटरी ४० टक्के भरून ठेवली, तर नुकसान त्याच्या निम्म्याहून कमी होते.

माझी चूक येथे उघड झाली. लॅपटॉप शून्य टक्के दाखवून बंद पडतो, तेव्हा बॅटरीत थोडी वीज मुद्दाम राखून ठेवलेली असते. मी मे महिन्याच्या सुटीत यंत्रे रिकामी करून पत्र्याच्या कपाटात कोंडली. नाशिकचा उन्हाळा पूर्वीसारखा सौम्य राहिलेला नाही. सहा आठवड्यांत ती राखीव वीजही झिरपून गेली. धोक्याच्या पातळीखाली गेलेली बॅटरी पुन्हा भरणे सुरक्षित नसते, म्हणून तिच्यातील संरक्षक मंडलाने चार्ज घेण्यास नकार दिला. दोष यंत्राचा नव्हता, देणगी देणाऱ्याचा तर नव्हताच. दोष माझ्या सूचनेचा होता.

मग उरलेल्या यंत्रांची रीतसर तपासणी केली. १९९५ पासून लॅपटॉपच्या बॅटरीत स्वतःचा हिशेब ठेवणारी चकती बसविण्याची सर्वमान्य पद्धत तयार झाली आहे. विंडोजच्या २०१२ नंतरच्या आवृत्तींत हा हिशेब सहज वाचता येतो. कमांडच्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असे इंग्रजीत टंकित केले, की अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे पाहावेत : बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता. एका यंत्राची मूळ क्षमता ४८ वॉट-तास होती, आज ती १९ उरली होती. यंत्र १५ वॉट वीज खात असेल, तर पूर्वी ते तीन तासांहून अधिक चाले, आता सव्वा तास चालेल. परंतु पडद्याचा उजेड कमी केला, मागे चालणारे निरुपयोगी कार्यक्रम बंद केले आणि पंख्यातील धूळ झाडून खर्च १० वॉटवर आणला, तर त्याच म्हाताऱ्या बॅटरीवर जवळजवळ दोन तास मिळतात. टाकी लहान झाली तरी नळ बारीक करता येतो!

दोन यंत्रांत निराळाच प्रकार होता. बॅटरी तीस टक्के दाखवीत असतानाच यंत्र एकदम बंद पडे. येथे बॅटरीपेक्षा तिचा हिशेबनीसच चुकत होता. अशा वेळी एकदा पूर्ण भरून, एकदा उतरवून, लगेच पुन्हा पूर्ण भरले की आकडे बरेचसे जुळतात. म्हणजे चाचांचा उपाय येथे उपयोगी पडला. पण तो क्वचित, आणि बॅटरीसाठी नव्हे, तिच्या हिशेबासाठी. त्या विद्यार्थिनीचे यंत्र या दोहोंपैकीच एक होते. एका यंत्रात रोज तारीख मागे जात असे. तिचा संबंध मुख्य बॅटरीशी नव्हता. आत नाण्याएवढा एक वेगळा सेल असतो. तो बदलताच तक्रार मिटली.

बॅटरीचा विचार यंत्र घडवितानाच केला तर काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावच्या मराठी शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. ही हिरवी-पांढरी यंत्रे विजेची टंचाई असलेल्या प्रदेशांसाठी मुद्दाम तयार केली होती. ती फारच थोडी वीज खात. त्यांत लिथियमची लोहयुक्त, उष्णता अधिक सोसणारी बॅटरी वापरली गेली. ती दोन हजार वेळा भरता यावी अशी अपेक्षा होती आणि ती सहज काढून बदलता येई. याउलट आजच्या कित्येक महागड्या लॅपटॉपमध्ये बॅटरी आतच डकविलेली असते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये सोनीने बनविलेल्या सेलमुळे आगीचा धोका दिसून आला, म्हणून डेल कंपनीने सुमारे ४१ लाख आणि ॲपलने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. सेलमध्ये शिरलेले धातूचे सूक्ष्म कण हे त्याचे कारण होते. म्हणून बॅटरी फुगली, वास आला किंवा फार तापू लागली, तर काटकसर बाजूला ठेवावी. यंत्र बंद करावे. बॅटरीला टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात. नवी बॅटरी घेतानाही स्वस्ताईला भुलू नये. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेली 'नवी' बॅटरीही आतून म्हातारी झालेली असते.

आज आमच्या आठ यंत्रांपैकी सात चालू आहेत. न चार्ज होणाऱ्या दोहोंपैकी एकास संस्थेने नवी बॅटरी घेऊन दिली. दुसरे यंत्र बॅटरी काढून थेट विजेवर चालते. आठव्याचे सुटे भाग बाकीच्यांच्या कामी आले. भिंतीवरील सूचनाही बदलली आहे : 'यंत्र तापू देऊ नये. सतत चार्जर लावून ठेवावयाचे असल्यास सोय असेल तेथे मर्यादा ऐंशी टक्क्यांवर ठेवावी. सुटीपूर्वी बॅटरी निम्मी भरून, यंत्र बंद करून, थंड जागी ठेवावे आणि महिन्यातून एकदा पाहावे.' सूचनेखाली मी वर्षही लिहिले आहे.

ते वर्ष लिहिण्यामागे हेतू आहे. उद्या वेगळ्या धातूची बॅटरी येईल आणि माझी सूचनाही जुनी ठरेल. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याने ती भिंतीवरून खुशाल काढावी. मात्र काढण्यापूर्वी ती कोणत्या काळी आणि कोणत्या बॅटरीसाठी लिहिली होती, हे अवश्य विचारावे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा मान राखावा आणि त्याचा काळही पाहावा, एवढे इतिहासाचा तास शिकवू शकला तरी आम्हा शिक्षकांचे श्रम कारणी लागले असे मी समजेन.