ऑटोमॅटिक गिअरची उष्णता : एका सोयीचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गिअरबॉक्सवर का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण 'सोय' म्हणजे नेमकं काय, हे तपासायचं असेल तर ऑटोमॅटिक गाडीसारखं उदाहरण नाही. क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही. मग या आरामाची किंमत कोण देतं? पहिलं उत्तर आहे, गिअरबॉक्समधलं तेल. ते तापतं.

का तापतं, यासाठी थोडं मागे जाऊ. १८४५ च्या सुमारास मँचेस्टरच्या जेम्स जूलने पाण्याच्या भांड्यात पाती फिरवली, तीही खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर, आणि पाणी किती तापतं ते मोजलं. घुसळण्याचं काम वाया गेलं असं दिसतं, पण ते नाहीसं होत नाही, त्याची उष्णता होते. आता टॉर्क कन्व्हर्टर डोळ्यांसमोर आणा. एक पंखा इंजिनाला जोडलेला, त्याच्यासमोर दुसरा पंखा चाकांकडे शक्ती नेणारा, आणि मध्ये तेल. पहिला तेल भिरकावतो, त्या झोताने दुसरा फिरतो. म्हणजे हे जूलचंच भांडं झालं! फरक एवढाच, की तिथे उष्णता हवी होती, इथे ती नको असताना येते.

हे यंत्र मुळात गाडीसाठी झालंच नव्हतं. जर्मनीतल्या व्हल्कन या जहाजबांधणी कंपनीत हेर्मान फ्योटिंगर नावाचा अभियंता होता. वाफेचं टर्बाइन फार वेगाने फिरतं, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. त्या दोघांमधला दुवा म्हणून त्याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. त्यातही शक्तीचा काही भाग उष्णता होऊन जायचा. पण गंमत बघा, त्यात फिरणारं पाणी हे बॉयलरला द्यायचंच पाणी असे. तापलेलं पाणी बॉयलरमध्ये गेलं की गमावलेल्यातलं बरंचसं परत मिळायचं.

गाडीत आल्यावर ही वृत्ती बदलली. ऑल्डस्मोबिलने १९४० च्या मॉडेलवर हायड्रा-मॅटिक आणलं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, साधी द्रव-जोडणी होती. ब्यूइकच्या १९४८ च्या डायनाफ्लोमध्ये मात्र एरवीच्या चालण्यात गिअर बदलतच नसे, सगळी भिस्त कन्व्हर्टरवर. गाडी अलगद निघायची, पण तेलात सतत घसर व्हायची. तापलेलं तेल नळीने रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरकडे न्यायचं, तिथून उष्णता इंजिनाच्या पाण्यात आणि मग हवेत सोडायची, ही पद्धत पुढे रूढ झाली. जहाजावर जी परत वापरली जात होती, ती आता फेकून दिली जाऊ लागली.

ही उष्णता किती असते? एक ढोबळ हिशेब करू. गाडी जागेवर अडलेली आहे आणि इंजिन ६० किलोवॅट, म्हणजे साधारण ८० अश्वशक्ती, कन्व्हर्टरला देतंय. चाक फिरत नाही, म्हणजे सगळीच्या सगळी शक्ती उष्णता होते. तेल ८ लिटर धरलं तर ते सेकंदाला सुमारे ४ अंशांनी तापेल. दहा सेकंदांत ४० अंश! कूलर कितीही चांगला असला तरी एवढ्या घाईत तो काय करणार?

आता प्रश्न असा, की ही उष्णता मुळातच कमी करता आली नसती का? येत होती. पॅकार्डने १९४९ मध्येच अल्ट्रामॅटिकमध्ये एक क्लच बसवला. गाडीने वेग घेतला की तो दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जोडून टाकायचा. घसर थांबली की तिची उष्णताही थांबली. पण तो क्लच सर्रास दिसू लागला तो १९७८ च्या मॉडेलपासून, क्रायस्लरने तो आणल्यानंतर. मधली जवळजवळ तीस वर्षं काय अडलं होतं? माझ्या मते, काहीच अडलं नव्हतं, हीच अडचण होती. पेट्रोल स्वस्त होतं, आणि उष्णता फेकायला रेडिएटर होता. १९७३ चं तेलसंकट आलं, १९७५ चा इंधनबचतीचा कायदा आला, तेव्हा कुठे जुनी युक्ती आठवली.

आणि या काळात आणखी कुणीतरी किंमत देत होतं. तापलेल्या तेलातही क्लच धक्का न देता लागावेत, म्हणून अमेरिकेतल्या अशा तेलांत स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या तेलापासून बनवलेलं द्रव्य घालत. ते उष्णतेत चांगलं टिकायचं. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. सिग्नलला उभ्या असलेल्या चालकाला याचा पत्ता तरी होता का? नसणारच. सोयीचं वैशिष्ट्यच हे, की तिचं बिल आपल्या घरी येत नाही.

म्हणून सोयीला नाकारा असं मी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला तर क्लच नसणं हे वरदानच आहे. फक्त एक करा. घाटात गाड्या अडकल्या, की काही जण चढावर गाडी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर तोलून धरतात. तुम्ही तसं करत असाल तर जूलचं भांडं आठवा, आणि ब्रेकवर पाय ठेवा.