प्रिंटर तयार आहे का? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

#थ्रेड

छपाईची आज्ञा देण्यापूर्वी पलीकडचा प्रिंटर चालू आहे का, त्यात कागद आहे का, हे संगणकातील प्रोग्रामला कसे कळते? प्रश्न किरकोळ वाटतो. मात्र सॉफ्टवेअरच्या इतिहासातील एका मोठ्या चळवळीच्या उगमाशी तो जोडलेला आहे.

१९७० मध्ये अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने ‘मॉडेल १०१’ हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला. त्याच्या जोडणीत अक्षरे पाठवण्यासाठी आठ तारा होत्या आणि प्रिंटरकडून उलट येणाऱ्या तारा निराळ्या होत्या : अक्षर मिळाल्याची पोच, ‘सध्या काम चालू आहे’, ‘कागद संपला’, ‘प्रिंटर ऑनलाइन आहे’ आणि ‘बिघाड आहे’. एका बातमीला एक तार, इतका सरळ हिशेब.

तारेवरची बातमी संगणकापर्यंत येते. ती माणसापर्यंत पोहोचवायची तर प्रोग्राम हवा. एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये तसा प्रोग्राम होता. तिथल्या जुन्या झेरॉक्स प्रिंटरमध्ये कागद अडकला, की ज्यांची कामे रांगेत असत त्या सर्वांना संदेश जाई आणि कुणीतरी उठून कागद सोडवी. ही सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सने लॅबला नवा लेझर प्रिंटर दिला, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड दिला नाही. साहजिकच ही सोय त्यात घालता येईना. स्टॉलमन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे तो कोड मागितला. गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन त्याने नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. केवळ एका प्रिंटरमुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जन्मली, हे विधान अतिरंजित ठरेल. लॅबमधील हॅकर समुदायाची पांगापांगही तितकीच कारणीभूत होती. तरी त्या नकाराची आठवण स्टॉलमन स्वतः पुढे वारंवार सांगत राहिले.

१९८१ च्या आयबीएम पीसीने सेंट्रॉनिक्सचीच पद्धत स्वीकारली. प्रोग्रामने बायोसला विचारावे आणि त्या तारांची स्थिती एका बाइटमध्ये परत मिळावी. लिनक्सने पुढे हाच वारसा जपला : कागद आहे, प्रिंटर ऑनलाइन आहे, तरीही बिघाडाची तार इशारा देत असेल, तर ‘प्रिंटरला आग लागली आहे’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येई!

विंडोजच्या काळात प्रोग्राम आणि प्रिंटर यांच्यामध्ये स्पूलर येऊन बसला. अनेक प्रोग्रामांची कामे रांगेत लावणे त्याशिवाय अवघड होते. पण आता ‘तयार आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रिंटरऐवजी हा मध्यस्थ देऊ लागला. प्रिंटरकडून काहीच कळले नसेल, तर स्थितीचा आकडा शून्य येतो. शून्य म्हणजे कोणतीही अडचण नोंदलेली नाही; पुष्कळ प्रोग्राम मात्र त्याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा घेत. परिणामी बंद पडलेला प्रिंटरही कित्येकदा तयार दिसे.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलने यावर उपाय दिला. त्यात प्रिंटरच्या तीनच अवस्था आहेत : रिकामा, कामात, थांबलेला. सोबत कारणही शब्दांत येते. त्यांपैकी एक कारण आहे ‘मीडिया-एम्प्टी’, म्हणजे कागद संपला. सेंट्रॉनिक्सने १९७० मध्ये ज्यासाठी एक तार राखून ठेवली होती, तेच.