भूचुंबकीय नोंदींची ऑनलाइन देवाणघेवाण : नागपूर

भूचुंबकीय नोंदींची ऑनलाइन देवाणघेवाण : दूरदूरच्या वेधशाळांत मोजलेले पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे आकडे एकाच मांडणीत आणि एकाच जागतिक वेळेत आणून इंटरनेटवरून अभ्यासकांना उपलब्ध करून देण्याची व्यवस्था. सौरवात, पृथ्वीभोवतीचे चुंबकांबर आणि वरच्या वातावरणातील आयनांबर यांत वाहणाऱ्या विद्युत् प्रवाहांचा ठसा जमिनीवरील चुंबकीय क्षेत्रावर उमटतो. त्यामुळे या नोंदी अवकाश भौतिकीचे मूलभूत साधन ठरतात. एका ठिकाणच्या नोंदीवरून फारसा अर्थ लागत नाही; अनेक ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच प्रवाह कोठून वाहतो, ते कळते. भारतात हे काम मुख्यतः भारतीय भूचुंबकत्व संस्था (आयआयजी) करते. नागपूरची वेधशाळा तिच्या साखळीतील मध्य भारताचा दुवा आहे.

पूर्वपीठिका : नोंदींची देवाणघेवाण संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. 1830 च्या दशकात गाउस आणि वेबर यांनी ग्योटिंगेन येथे चुंबकीय संघ स्थापन केला. ठरलेल्या दिवशी, ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, ठिकठिकाणचे निरीक्षक एकाच क्षणी वाचन घेत. मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 मध्ये स्थापन झाली. तेथे चुंबकीय वाचने 1841 पासून सुरू झाली. 1896 मध्ये नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी संकलित केल्या आणि 1910 मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे निश्चित झाल्यावर चुंबकीय यंत्रे अलिबागला हलवण्यात आली. ट्रामच्या विजेचा प्रवाह जमिनीतून परत जाताना नोंदी बिघडवतो, हे त्यामागील कारण होते. अलिबागच्या इमारतीसाठी स्थानिक काळा दगड टाळून पोरबंदरचा वाळूखडक आणला गेला, कारण दख्खनचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे. 1904 ते 1906 या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी वाचने एकाच वेळी चालू ठेवली होती. दोन्ही ठिकाणांमधला फरक त्यामुळे मोजता आला आणि आज ही मालिका अखंड म्हणून वापरता येते. देवाणघेवाणीच्या इतिहासात या दोन वर्षांचे मोल फार मोठे आहे.

1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जागतिक डेटा केंद्रांची कल्पना प्रत्यक्षात आली. भूचुंबकत्वासाठी आज एडिंबरो, क्योटो, मुंबई इ. ठिकाणी अशी केंद्रे आहेत. 1971 मध्ये कुलाबा-अलिबागची परंपरा स्वायत्त आयआयजीकडे आली. मुंबईचे जागतिक डेटा केंद्र हीच संस्था चालवते. तिचे मुख्यालय आता नवी पनवेल येथे आहे.

नागपूर वेधशाळा : स्थान सुमारे 21.15° उ., 79.08° पू. सांकेतिक नाव एनजीपी. 1990 च्या दशकापासून कार्यरत.

भौगोलिक महत्त्व : दक्षिणेत तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तेथे दुपारी आयनांबरातून विषुववृत्तीय विद्युत्झोत वाहतो आणि क्षेत्राचा क्षैतिज घटक बराच वाढतो. नागपूर या झोताच्या पट्ट्याबाहेर, पण जवळपास त्याच रेखांशावर आहे. झोताची तीव्रता काढताना पट्ट्यातील केंद्राच्या दैनिक बदलातून पट्ट्याबाहेरील केंद्राचा बदल वजा करतात. त्यासाठी तिरुनेलवेली-अलिबाग ही जोडी सर्वाधिक वापरली गेली आहे.

अलिबाग आणि नागपूर यांच्या रेखांशांत सुमारे 6.2 अंशांचे अंतर आहे. त्यामुळे सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळेत सुमारे 25 मिनिटांचा फरक पडतो : सरासरीने नागपूरला भारतीय वेळेनुसार 12.14 वाजता, तर अलिबागला 12.39 वाजता मध्यान्ह होतो. सूर्यामुळे होणारा दैनिक बदल त्याच क्रमाने सरकतो. चुंबकीय वादळाचा पहिला धक्का मात्र दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच मिनिटात नोंदला जातो. घड्याळे जुळलेली असतील तरच धक्का कोणता आणि दैनिक बदल कोणता, हे वेगळे करता येते. म्हणून सर्व नोंदी जागतिक वेळेत ठेवतात. नागपूरच्या फाइलमधला दिवस भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला सुरू होतो.

नोंद तयार होण्याची रीत : फ्लक्सगेट चुंबकमापक क्षेत्रातील बदल सतत टिपतो, प्रोटॉन चुंबकमापक एकूण तीव्रता मोजतो. फ्लक्सगेटचा आकडा तापमानाने आणि यंत्राचा खांब कलल्याने हळूहळू सरकतो. नागपूरच्या परिसरात हा धोका दुहेरी आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे अशा मातीतील खांबाचा पाया मुरुमापर्यंत वा खडकापर्यंत नेणे भाग असते. शहराच्या पश्चिमेकडे दख्खन बेसाल्टची सीमा येते (सीताबर्डीची टेकडी याच खडकाची), त्यामुळे जागेची निवडही जपून करावी लागते.

फ्लक्सगेटच्या आकड्याचे हे सरकणे मोजण्यासाठी ठरावीक दिवसांनी, सामान्यतः आठवड्यातून एकदा वा अधिक वेळा, निरपेक्ष वाचन घेतात. निरीक्षक घड्याळ, किल्ल्या, मोबाइल आणि लोखंडी बक्कल असलेला पट्टा बाहेर काढून ठेवतो. चष्म्याची काडी पोलादी असेल तर तोही बदलतो. लोखंड न वापरता बांधलेल्या खोलीत अचुंबकीय थिओडोलाइटच्या दुर्बिणीवर छोटा फ्लक्सगेट बसवलेला असतो. दूरवरच्या ठरलेल्या खुणेवर दुर्बीण रोखून दिशा निश्चित करतात. मग दुर्बीण उलटसुलट फिरवून, फ्लक्सगेटचा आकडा शून्यावर येईल अशा चार स्थितींत दिक्पात (खऱ्या उत्तरेपासूनचा कोन) आणि चार स्थितींत नती (क्षितिजाशी होणारा कोन) वाचतात. यंत्राच्या रचनेतील दोष या चार वाचनांत एकमेकांना छेदून जातात. या वाचनातून फ्लक्सगेटचा आकडा वजा केल्यावर जी किंमत उरते, तिला आधाररेषा म्हणतात. अलिबागला क्षैतिज घटक 38 हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतो, तर अंतिम नोंदीत अपेक्षित अचूकता 5 नॅनोटेस्लांची आहे. ही अचूकता आधाररेषेवर उभी असते. संकेतस्थळाच्या वेगाचा किंवा देखणेपणाचा तिच्याशी संबंध नाही.

फाइलची मांडणी : आयएजीए-2002 ही सर्वमान्य मांडणी साध्या मजकुरात असते आणि तिची प्रत्येक ओळ 70 अक्षरांची असते. आरंभी केंद्राचे नाव, सांकेतिक नाव, अक्षांश, रेखांश, उंची, संवेदकाची दिशा, नोंदीचे कालांतर आणि डेटाची प्रत लिहिलेली असते. पुढे प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, वर्षातील कितवा दिवस आणि चार घटक येतात. हरवलेल्या वाचनाच्या जागी 99999.00 आणि जे मोजलेच जात नाही त्याच्या जागी 88888.00 लिहितात. वीज गेलेल्या अर्ध्या तासाच्या तीस ओळी 99999.00 ने भरलेल्या दिसणे हे चांगल्या केंद्राचे लक्षण आहे. तेथे अंदाजाने सरळ रेषा ओढली, तर वाचणाऱ्याला वादळही शांत वाटेल.

प्रती चार मानतात : यंत्रातून आलेली कच्ची, दुरुस्त केलेली, जवळजवळ अंतिम आणि अंतिम. अवकाश हवामानाच्या तातडीच्या अंदाजाला पहिल्या दोन पुरतात. पृथ्वीच्या गाभ्यातून येणाऱ्या संथ बदलाच्या अभ्यासाला मात्र अंतिम प्रतच लागते आणि ती वर्षभराच्या आधाररेषा तपासल्यावरच तयार होते. तातडीच्या आणि अंतिम प्रती एकाच नावाने ठेवल्यास गंभीर चुका होतात.

वितरण : मिनिटागणिक नोंदींचे जागतिक जाळे असलेल्या इंटरमॅग्नेटमध्ये अलिबाग आणि जयपूर यांच्या नोंदी येतात. नागपूरसह इतर केंद्रांच्या नोंदी मुख्यतः संस्थेची साखळी, मुंबईचे डेटा केंद्र आणि ‘इंडियन मॅग्नेटिक डेटा’ हे वार्षिक प्रकाशन यांतून मिळतात.

धोरण : सरकारी खर्चाने मिळवलेला डेटा खुला करण्याचे राष्ट्रीय धोरण 2012 मध्ये आले. नोंदी किती काळाने आणि किती सूक्ष्मतेने खुल्या कराव्यात, याबाबत संस्थांचे प्रघात वेगवेगळे आहेत.

संबंधित प्रयत्न : डेटाच्या अशाच देवाणघेवाणीसाठी खगोलशास्त्रात पुण्याच्या आयुका संस्थेने ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ हा प्रकल्प राबवला. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 यानाचा डेटा इस्रोच्या बंगळूरुजवळील केंद्रातून वितरित होतो.

जुन्या नोंदींचा उपयोग : कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चुंबकीय वादळात 2 सप्टेंबर 1859 रोजी कुलाब्यात क्षैतिज घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी खाली आला. ते दिवस डोळ्यांनी वाचन घेण्याचे होते आणि वादळाच्या काळात निरीक्षकांनी नेहमीपेक्षा अधिक वेळा वाचने घेतली होती. सुरुतानी, गोन्झालेझ, आयआयजीचे लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी 2003 मध्ये या आकड्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि कॅरिंग्टन वादळाच्या तीव्रतेच्या चर्चेत कुलाब्याची नोंद मध्यवर्ती ठरली. ही घट नेमक्या कोणत्या प्रवाहामुळे झाली, याविषयी मतभेद आहेत. मे 2024 च्या मोठ्या वादळाचा डीएसटी (वादळाची तीव्रता दाखवणारा) निर्देशांक उणे 400 नॅनोटेस्लांच्या आसपास होता. त्याची तुलना 1859 शी करताना कुलाब्याचीच नोंद पुढे येते. 144 वर्षांनी ते आकडे वापरता आले, कारण त्यांच्यासोबत वाचनाची वेळ आणि एकके छापलेली होती. नागपूरच्या आजच्या फाइलमधील आरंभीच्या ओळी हेच काम करतात.