प्रतिस्पर्धी निवडणारा गव्हर्नर

१/ अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो जनतेने थेट निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. मात्र जनता रुष्ट झाली म्हणून तो पडतोच असे नाही. समोर कोण उभा राहतो, यावरही बरेच अवलंबून असते. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांची कथा हेच सांगते.

२/ २०००-०१ च्या वीजसंकटाने डेव्हिस यांची लोकप्रियता ओसरली. २००२ च्या निवडणुकीत त्यांना धास्ती होती ती लॉस एंजेलिसचे माजी महापौर रिचर्ड रिऑर्डन यांची. मवाळ रिपब्लिकन असल्याने ते डेमोक्रॅट मतदारांनाही चालण्याजोगे होते.

३/ तेव्हा डेव्हिस यांनी विरोधी पक्षाच्या उमेदवारनिवडीतच हात घातला. रिऑर्डन यांच्याविरुद्धच्या जाहिरातींवर सुमारे १ कोटी डॉलर खर्च झाले. उमेदवारी अधिक पुराणमतवादी बिल सायमन यांना मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये डेव्हिस सुमारे ५ टक्के मतांनी जिंकले.

४/ विजय मिळाला, पण नाराजी शमली नाही. अर्थसंकल्पातील प्रचंड तुटीमुळे ती वाढलीच. २००३ मध्ये त्यांना माघारी बोलावण्याच्या मागणीवर १३ लाखांहून अधिक वैध सह्या जमल्या.

५/ या मतदानात पक्षांतर्गत निवडीची फेरीच नव्हती. १३५ उमेदवार थेट मतपत्रिकेवर आले. ७ ऑक्टोबरला ५५ टक्के मतदारांनी डेव्हिस यांना पदच्युत केले. गव्हर्नर झाले अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर, तेही मवाळ रिपब्लिकनच. ज्या चाळणीत रिऑर्डन अडकले, ती या वेळी मध्ये नव्हती.