बटण की दांडा? पिनबॉलच्या एका सुट्या भागाचा इतिहास 🧵

१/ घरी व्हर्च्युअल पिनबॉलचे कॅबिनेट बांधणाऱ्याची पेटी हिंगोलीचा सुतारही प्लायवूडची करून देईल. टेबलाच्या जागी आडवा टीव्ही बसेल. पेच पडतो तो चेंडू सोडण्याच्या भागाशी: स्वस्त बटण घ्यावे की खरा स्प्रिंगचा दांडा, म्हणजे प्लंजर?

२/ बॅगाटेल या खिळ्यांच्या फळीवरील खेळात पूर्वी चेंडू काठीने ढकलत. १८७१ मध्ये अमेरिकेत मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले. ओढ किती, यावर चेंडूची वाट ठरू लागली.

३/ तरीही हा खेळ नशिबाचाच मानला गेला. १९४२ मध्ये न्यूयॉर्कने त्याला जुगार ठरवून बंदी घातली. जप्त यंत्रे हातोड्यांनी फोडली. चेंडू परतवणारे फ्लिपर १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त आले. बंदी मात्र कायम राहिली.

४/ १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीसमोर चेंडू मधल्या मार्गानेच जाईल असे आधी सांगितले, दांडा ओढून सोडला आणि चेंडू तेथूनच गेला. हे कौशल्य आहे, हे समितीला पटले, बंदी उठली.

५/ बटणाला दाबले वा न दाबले एवढेच कळते. शार्प यांचा तो फटका त्यावर हाताच्या ओढीने मारता येणार नाही. म्हणून खर्चाची काटछाट टीव्हीच्या आकारात करावी. दांडा खराच घ्यावा आणि त्याची ओढ मोजणारा सेन्सर जोडावा. चेंडू आभासी झाला तरी हाताचे कसब खरे राहते.