नको म्हणणाऱ्याचे प्राण वाचविताना

विषप्राशन केलेल्या मनुष्यास दवाखान्यात आणिले असता तो "मला हात लावू नका" असे म्हणेल, तर वैद्याने काय करावे? पांढुर्ण्याजवळील तिगावसारख्या गावी, जेथे संत्री-कापसाच्या शेतीमुळे कीटकनाशक सहज हाताशी असते, हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे.

१८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ ने अशा मनुष्यास रुग्णाआधी आरोपी ठरविले; एक वर्षापर्यंत कैद त्यास होऊ शके. पोलिसांच्या भयाने नातलग खरे कारण लपवीत. विष कोणते हेच वैद्यास कळू नये, याहून घातक ते काय!

पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे मनोरुग्ण असलेल्या एका पोलीस शिपायाचा खटला आला. महापालिकेच्या कचेरीबाहेर त्याने अंगावर रॉकेल ओतून जाळून घेण्याचा प्रयत्न केला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले आणि अशांस तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज आहे असे म्हटले. परंतु त्याच निकालाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्कही मानिला. मग पोट धुणारा वैद्य त्या हक्काचा भंग करितो काय? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मरण्याचा हक्क नाकारिला. संमतीचा प्रश्न मात्र उरलाच.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याचे काहीसे उत्तर दिले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयाचे. तेवढ्यावरून तो वेडा किंवा निर्णयास अपात्र ठरत नाही. मनोरुग्णाच्या जिवावर बेतले असता तातडीचे उपचार करिता येतात. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे मर्यादा ७२ तासांची, आणि या सबबीखाली विजेचे झटके देता येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेत कलम ३०९ नाही. शासकीय सेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

आम्हांस ही मुदत कायद्यातील सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. फिलिप्पै येथे बंदिशाळेचा नायक तरवार उपसून आपला घात करू पाहत असता पौलाने त्याची परवानगी विचारिली नाही. मोठ्याने हाक मारिली. पण त्यास बांधिलेही नाही. दिवा मागवून तो स्वतःच आत आला, आणि पुढचा प्रश्न त्याने आपण होऊन विचारिला.

पाळकास व उपदेशकास खाटेजवळ बोलाविले जाते ते बहुधा रुग्णाचे मन वळविण्यासाठी. तेव्हा "नुसती सलाईन आहे" अशी खोटी समजूत त्याने घालू नये. नळी कशासाठी, पहारा किती वेळ, हे खरे सांगावे. आणि रुग्णाने विश्वासाने सांगितलेले कारण गावी परतल्यावर उपासनेच्या प्रार्थनेत नावानिशी उच्चारू नये.